शून्यगटातल्या मावशी

आमच्या भाषासंस्थेत प्रत्येक जण काही ना काही येतं म्हणून नेमलेला होता. मावशी मात्र काही येत नाही म्हणून होत्या. म्हणजे झाडलोट, घंटा, चहा, खोल्यांच्या किल्ल्या हे सगळं त्यांना येत होतं, आणि त्या चार दिवस आल्या नसत्या तर संस्था बसली असती. पण दरवर्षीच्या संशोधन अहवालात त्यांची नोंद व्हायची ती ‘शून्यगट’ म्हणून. विद्यार्थ्यांना किती अरबी आलं हे मोजायचं, तर जिला अरबीचा गंधही नाही अशी एक व्यक्ती शेजारी हवी. ती व्यक्ती म्हणजे मावशी, आणि हे अठरा वर्षं चाललं होतं.

या अठरा वर्षांत मावशींना अरबी व्याकरण आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं येऊ लागलं होतं. संस्थेत हे कोणालाच माहीत नव्हतं. नंतर एका माणसाला कळलं, ती मी.

मी या भानगडीत पडले ती माझ्या टेबलामुळे. मी एका पंपांच्या कंपनीत पत्रव्यवहार बघते. परदेशातून अरबीत पत्रं यायला लागली, तेव्हा साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ज्या टेबलावर सगळ्यात कमी कागद होते तिथे ती थांबली. दुसऱ्याच आठवड्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी वही-पेन घेऊन वर्गात बसले होते.

अरबीचे दोन वर्ग होते. जिना चढून डावीकडे डॉक्टरबाईंचा. बाईंची डॉक्टरकी उपयोजित भाषाविज्ञानातली. भाषा ही वापरातून येते, नियम पाठ करून नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि म्हणून त्यांच्या वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या आणि मधे एक खोटा बाजार. प्लास्टिकचे टोमॅटो घेऊन मोठमोठी माणसं एकमेकांना भाव विचारत. या वर्गाला मी टोमॅटोवर्ग म्हणत असे, आणि बाईंना अर्थातच टोमॅटोबाई.

उजवीकडे सरांचा वर्ग. इथे बाक सरळ रांगेत, आणि वाक्यसुद्धा एकच. अरबी व्याकरणात शेकडो वर्षं चालत आलेलं वाक्य आहे : जैदने अम्रला मारलं. कोणी मारलं आणि कोणी मार खाल्ला हे अरबीत शब्दाच्या शेवटच्या उच्चारावर ठरतं, आणि ते समजावायला हे वाक्य सोयीचं. सरांनी ते तीस वर्षं समजावलं. भूतकाळात मारलं, वर्तमानकाळात मारतोय, अम्रला मारण्यात आलं, दोघा जैदांनी मिळून मारलं, पुष्कळ जैदांनी मारलं. अम्रचं अंग न् अंग सुजलं असेल, पण त्याने काय केलं होतं हे कधी कोणी विचारलं नाही. मुलं त्यांना पाठीमागे फटकेसर म्हणायची. मी तर डावीकडे जायचं ते उजवीकडे वळले, दोन तास बसले, आणि मग उठून जायला लाज वाटली म्हणून दोन वर्षं तिथेच राहिले.

थोडक्यात, डावीकडच्यांना बाजारात टोमॅटो घेता येत पण वर्तमानपत्राची एक ओळ वाचता येत नसे, आणि आम्ही एका ओळीची हाडं न् हाडं सुटी करू शकत होतो पण बाजारात उपाशी मेलो असतो. दोन्ही वर्गांचे गुरू एकमेकांशी अतिशय आदराने वागत आणि एकमेकांचं तोंड बघत नसत.

मावशींचं कळलं ते चहाच्या खोलीत. चाचणी परीक्षा होती आणि मी भिंतीला टेकून तेच वाक्य पुटपुटत होते. मी म्हटलं, "जरब जैदुन अम्रुन." मावशी माझ्याकडे पाठ करून कप विसळत होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, "अम्रन. मार खाणारा आहे तो."

मग त्यांनी नळ बंद केला, दार लोटलं आणि मला सांगितलं की ताई, हे इथल्या इथे राहू दे.

त्याचं असं झालं होतं. सरांच्या वर्गाच्या दाराचं बिजागर खाली आलेलं, त्यामुळे ते कधीच पूर्ण लागत नसे, हातभर उघडं राही. दाराबाहेर मावशींचं स्टूल. तास संपला की घंटा द्यायची, तोवर तिथेच बसायचं. डाव्या वर्गाबाहेर का नाही, तर तिथे फार गोंगाट, असं त्या म्हणाल्या. सरांचा आवाज बरा, एका पट्टीतला. पहिलं वर्ष तो नुसता कानावर पडला. दुसऱ्या वर्षी सर पुढे काय म्हणणार ते आधीच तोंडात यायला लागलं. तिसऱ्या वर्षी सरांनी एका मुलाला विचारलं, तो अडला, आणि बाहेर स्टुलावर बसलेल्या मावशींना उत्तर आलं. त्या मला म्हणाल्या की त्या दिवशी त्यांनी घंटा पाच मिनिटं उशिरा दिली, पुढचं ऐकायचं होतं म्हणून.

शिकण्याची ही तऱ्हा कोणत्याच पुस्तकात बसणारी नव्हती. दाराच्या फटीतून फळा दिसायचा, पण आत नकाशांचं एक जाडजूड कपाट आड यायचं, म्हणून उजवा अर्धाच दिसायचा. अरबी उजवीकडून लिहितात, त्यामुळे ओळींची सुरुवात मावशींना दिसे आणि शेवट नुसते ऐकू येत. आणि फळा पुसायला मिळाला असता तर गोष्ट वेगळी, पण तो सर स्वतः पुसत. लिहिलेलं अक्षर दुसऱ्याच्या हाती पुसायला द्यायचं नाही हा त्यांचा नेम. सरांना खोकल्याची सवय होती. ‘करणारा’ सांगून झाला की ते एकदा खोकत आणि मग ‘ज्याच्यावर काम पडलं तो’ म्हणत. मावशींनी खोकल्यासकट पाठ केलं होतं. तो खोकला गाळला की पुढचं आठवत नाही, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

घरी उजळणी भांडी घासताना. मावशींचे यजमान बसच्या आगारात मेकॅनिक होते, इंजिनांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले. मावशी ओट्याशी उभ्या राहून रूपं म्हणायला लागल्या की त्यांना फक्त ओठ हलताना दिसायचे. आपल्यालाच बोलणं चाललंय असं समजून ते दर दोन मिनिटांनी म्हणत, "बरं बरं, उद्या करतो." त्या नादात त्यांनी घरातले दोन नळ आणि एक खिडकी दुरुस्त केली, असं मावशी सांगत.

आता प्रश्न असा की अरबी येत असताना अरबी न येणारी व्यक्ती म्हणून परीक्षा कशी देतात.

परीक्षा साधी होती. भाषाप्रयोगशाळेत कानाला हेडफोन लावायचे, चाळीस वाक्यं ऐकायची. वाक्य बरोबर असेल तर बरोबरची खूण, मोडकं असेल तर फुली. निम्मी बरोबर, निम्मी मोडकी. काहीच न येणाऱ्याने अंदाजाने खुणा केल्या तर वीसच्या आसपास जमतात. सुरुवातीला शून्यगटात सहा जण होते : पहारेकरी, माळी, झेरॉक्सवाला, अजून दोघे आणि मावशी. दरवर्षी गट तोच ठेवायचा म्हणजे तुलना शुद्ध राहते, असा शास्त्राचा दंडक. तो दंडक बाईंनी इतका कसून पाळला की कोणी निवृत्त झालं, कोणी बदलून गेलं, तरी नवा माणूस घेतला नाही. शेवटी गटात एकट्या मावशी उरल्या. अहवालात मात्र ‘गटाने’ असंच छापून यायचं. ज्याला काही येत नाही त्याला दरवर्षी तीच परीक्षा दिली, अन् वर बारा महिने वर्गाच्या दारात बसवलं, तर त्याला काहीतरी येईल, ही शंका एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कोणालाही आली नाही.

पाचव्या वर्षी मावशींना एकोणतीस पडले होते. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या सहायकाने कपाळाला आठ्या घातल्या, कागद फाडला, परीक्षा पुन्हा घेतली आणि जाता जाता म्हणाला की असं झालं तर दुसरं कोणी बघावं लागेल. मावशींची नोकरी तेव्हा कच्ची होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरं कोणी म्हणजे कशाला दुसरं, हे विचारायची सोय नव्हती. त्यांनी कानाला खडा लावला आणि एक युक्ती काढली. एक उत्तर बरोबर द्यायचं, पुढचं मुद्दाम चूक. पुन्हा बरोबर, पुन्हा चूक. चाळिसातले बरोबर वीस. पुढची तेरा वर्षं त्यांना दरवर्षी वीसच पडले, एक कमी नाही की एक जास्त नाही. बाईंनी परिषदांमधून तो आकडा मोठ्या पडद्यावर दाखवला. इतकं निर्मळ शून्य कोणत्याच संस्थेकडे नव्हतं. दुसऱ्याच वर्षी बाईंनी स्वतः खटपट करून मावशींची नोकरी पक्की केली. मावशी ते विसरल्या नव्हत्या.

हे ऐकून मी पोट धरून हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई चांगल्या आहेत. त्यांना हवं ते आपण द्यावं."

माझ्या दुसऱ्या वर्षी संस्थेला खोली कमी पडायला लागली आणि संचालकांची नजर उजवीकडे गेली. संचालक हा गृहस्थ कोणतीही परकी भाषा न येता भाषासंस्था चालवत होता, आणि त्याबद्दल त्याला जराही संकोच नव्हता. त्याने पत्र काढलं. या वर्षीच्या परीक्षेत सरांचा वर्ग शून्यगटापेक्षा निदान पाच गुणांनी पुढे असला पाहिजे. नसेल तर पारंपरिक व्याकरणाचा वर्ग बंद, आणि सरांची निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं दप्तरखान्यात. सरांनी पत्र वाचलं, घडी करून खडूच्या खिशात ठेवलं आणि जैदकडून अम्रला मार देववला.

पाच गुण म्हणजे काहीच नव्हते. मावशी नेहमीप्रमाणे वीसवर थांबणार, आणि आम्ही कितीही दगड असलो तरी सरासरी पंचवीसच्या वर जाणार. आम्ही निर्धास्त होतो. मावशी तर इतक्या निर्धास्त होत्या की मला म्हणाल्या, ताई, तुम्हाला हवं तर मी अठराच घेते.

पण परीक्षेच्या आठवड्यात प्रयोगशाळेला रंग काढला. हेडफोन पोत्यात बांधलेले. मग ठरलं की परीक्षा सभागृहात घ्यायची आणि वाक्यं सरांनी मोठ्याने वाचायची. आता या माणसाच्या तोंडून जन्मात चुकीचा शेवट बाहेर पडला नव्हता. त्याला वीस मोडकी वाक्यं वाचायला लावली. प्रत्येक मोडक्या वाक्याला सरांचा चेहरा भातात खडा लागल्यासारखा व्हायचा. नुसतं त्या चेहऱ्याकडे बघून कोणीही पैकीच्या पैकी मिळवले असते. मला चौदा पडले, पण माझं सोडा, आमचा अख्खा वर्गच कागदात डोकं घालून सोडवत होता.

मावशी समोरच्याच रांगेत बसल्या होत्या. सर वाक्य वाचत, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत, आणि मग पुढे जात. नंतर मावशींनी मला सांगितलं, की पहिलं उत्तर बरोबर दिलं, दुसऱ्याला चूक द्यायची पाळी आली, सर समोर उभे, आणि हातच वळेना.

"हेडफोनात कोणी बाई बोलायची, तिला काय, खोटं देता यायचं," त्या म्हणाल्या. "समोर सर उभे असताना मोडक्या वाक्याला बरोबर कसं म्हणू?"

त्यांना अडतीस पडले. दोन चुका त्यांनी मन घट्ट करून, सर पाणी प्यायला वळले तेव्हा केल्या होत्या.

आमच्या वर्गाची सरासरी सव्वीस. म्हणजे दोन वर्षं व्याकरण शिकून आम्ही काहीच न शिकलेल्यांच्या बारा गुण मागे. संस्थेत बोंब झाली. बाई दोन दिवस चक्रावल्या होत्या, पण शिकलेल्या माणसाला जास्त वेळ चक्रावून चालत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी उपपत्ती मांडली : नियमांचा स्पर्श न झालेल्या मनाला भाषेची उपजत जाण असते आणि व्याकरण ती मारून टाकतं. अहवाल छापायला गेला, बैठकीची तारीख पडली.

मी चहाच्या खोलीत मावशींना गाठलं आणि सांगून टाका म्हणाले. माझा आवाज चढला होता हे मला कबूल आहे. त्या कप पुसत राहिल्या. सांगितलं तर बाईंची तेरा वर्षं खोटी पडतात, ज्या बाईंनी आपली नोकरी पक्की केली. नाही सांगितलं तर सरांचा वर्ग जातो, आणि तोही आपल्यामुळे. शिवाय आपलं स्टूलही जातं, हे त्यांनी शेवटी आणि अगदी हळू सांगितलं. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि मी उरलेला चहा उभ्यानेच संपवला.

बैठकीला मी विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून होते, कारण बाकी कोणी यायला तयार नव्हतं. लांब टेबल, एका टोकाला संचालक, दोन्ही बाजूंना न बोलणारे सदस्य. बाईंनी आकडे वाचले. संचालकांनी सरांना विचारलं की काही म्हणायचंय का. सरांनी कागदावरच्या अडतीसवर बोट ठेवलं.

"आकडा बरोबर असेल," ते म्हणाले. "मग मी तीस वर्षं काय करत होतो, तेवढं फक्त मला कोणीतरी सांगा."

मावशी त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मला येतं ते, साहेब. सरांच्या दाराबाहेर बसून आलं."

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही की काय येतं. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि सोडवलं. झालेलं काम, करणारा, मग सरांचा खोकला जसाच्या तसा, आणि मग ज्याच्यावर काम पडलं तो. सरांनी मान वर केली. आपला खोकला दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची वेळ माणसावर फारशी येत नाही.

संचालकांना ते पटलं नाही. एक वाक्य काय, पोपटही म्हणतो, असं त्यांचं मत. एक न बोलणारे सदस्य पहिल्यांदाच बोलले, की सरांचा चेहरा बघून मावशींनी उत्तरं दिली असणार. हा मुद्दा बिनतोड होता. मी चेहऱ्याबद्दल काही बोलू शकत नव्हते, मला चौदा होते.

तेव्हा मावशी डॉक्टरबाईंकडे वळल्या. "बाई, जुने कागद काढा," त्या म्हणाल्या. "हेडफोनचे. आणि उत्तरांशी ताडून बघा, एकाआड एक."

कपाट त्याच खोलीत होतं आणि किल्ली मावशींकडेच होती. बाईंनी तेरा वर्षांचे कागद टेबलावर पसरले आणि उत्तरसूची शेजारी ठेवून लाल पेनाने तपासायला सुरुवात केली. बरोबर, चूक. बरोबर, चूक. बरोबर, चूक. पहिला कागद संपला तेव्हा त्यांचा हात हळू झाला. दुसरा, तिसरा. चौथ्याला त्यांनी पेन खाली ठेवलं. ज्याला काही येत नाही तो इतका नेमका चुकू शकत नाही, हे कळायला त्या खोलीत भाषाविज्ञानाची गरज नव्हती. चाळिसांतली चाळीसही उत्तरं माहीत असल्याशिवाय हे जमणारं नव्हतं, आणि ते तेरा वर्षं बाईंच्या कपाटात पडून होतं.

बाईंनी विचारलं, दरवर्षी अर्जावर ‘या भाषेचं शिक्षण घेतलं आहे का’ या प्रश्नापुढे तुम्ही नाही असं का लिहिलंत. मावशी म्हणाल्या, "मला कोणी शिकवलंच नाही, बाई. शिक्षण घेतलं असं कसं लिहू?"

मी त्या बाईंना दोन वर्षं हसत आले होते. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला आणि संचालकांना सांगितलं की हा अहवाल मी मागे घेते, आणि याआधीचे शून्यगटावरचे तीन निबंधही. कोणी मागितलं नव्हतं. दप्तर दाबून टाकायला कपाट होतं, किल्लीवाली आपलीच होती, आणि जुन्या निबंधांपर्यंत जाण्याची समोरच्या माणसांना अक्कलही नव्हती. तरी त्यांनी ते केलं. मावशींना त्या एवढंच म्हणाल्या, की मला एकदा तरी सांगायचंत. टोमॅटोबाई हे नाव मी त्या दिवसापासून सोडलं, इथे वापरलं ते गोष्टीपुरतं.

संचालकांनी मधेच एक शंका काढली, की दाराबाहेर बसून अडतीस पडत असतील तर सगळ्याच विद्यार्थ्यांना बाहेर का बसवू नये. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सरांचा वर्ग राहिला. संस्थेच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुण मिळवणारी व्यक्ती त्याच वर्गाची होती, मग भले उंबऱ्याच्या पलीकडची असो. नवा शून्यगट हवा म्हणून पुढच्या वर्षी संचालक स्वतः परीक्षेला बसले. त्यांना सोळा पडले, अगदी प्रामाणिक.

पण ते पुढचं. बैठक उठताना सर मावशींपाशी थांबले. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "दोन चुका कुठल्या?" मावशींनी सांगितल्या आणि मुद्दाम केल्या हेही सांगितलं. सरांनी मान हलवली. "उद्यापासून आत बसा," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या शेजारी, दुसऱ्या बाकावर. नवी वही, नवं पेन, आणि बाकाच्या कडेवर बसल्यासारख्या बसलेल्या, कोणी बोलावलं तर उठता यावं म्हणून. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना अख्खा फळा दिसत होता. सरांनी नेहमीचं वाक्य लिहिलं. त्यांचं अक्षर हाताएवढं, त्यामुळे मार खाणारा अम्र थेट डाव्या अर्ध्यात जाऊन पडायचा. मग सवयीप्रमाणे ते आणखी डावीकडे सरकले आणि कोष्टकाच्या रेघा मारू लागले. हे त्यांचं रोजचं होतं. रेघ वाकडी आली की पुसायची, पुन्हा मारायची. रेघा सरळ होईपर्यंत घंटा व्हायची, त्यामुळे ते कोष्टक आमच्यापैकी कोणीही कधी भरलेलं पाहिलं नव्हतं.

मावशी त्या डाव्या बाजूकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी हात वर केला.

"सर, ते कुठं लिहिलंय?"

सरांनी विचारलं, काय.

"अम्रनं काय केलं होतं ते."

वर्ग हसला. मीही हसले. मावशींनी सरळ सांगितलं, की बाहेरून फळ्याचा अर्धाच भाग दिसायचा. वाक्य संपलं तरी खडूचा आवाज तिकडे बराच वेळ चालायचा. आपल्याला वाटायचं, सर त्या बाजूला कारण लिहीत असणार. आतल्यांना ते माहीत असेल, म्हणूनच कोणी विचारत नाही. कधीतरी आत जायला मिळालं की पहिलं तेच वाचायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

सरांनी मागे वळून आपल्या रेघांकडे पाहिलं.

"तिकडे काही नाही," ते म्हणाले. "रेघा आहेत."

"मग उगीचच मारलं?"

"उगीचच. मला शिकवलं त्यांनीही कारण सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही."

त्यांनी डस्टर घेतलं आणि तीस वर्षांचं ते वाक्य पुसलं. मग खडू मावशींपुढे धरला. मावशी म्हणाल्या, लिहिता नाही येणार, शेवट कसे लिहितात ते कधी दिसलंच नाही, पण सांगते. त्या उभ्या राहिल्या आणि एक वाक्य बोलल्या. पाठ केलेलं नव्हतं, कुठल्या चाचणीतलं नव्हतं, मधे खोकलाही नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला एक अरबी वाक्य ऐकता ऐकता कळलं. अम्र आत आला आणि बसला, एवढंच होतं ते.

सरांनी प्रत्येक शब्दाचा शेवट मनात तपासला, ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. बरोबर, असं म्हणाले, आणि त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत. मग त्याखाली रेघा मारल्या. त्या दिवशी कोष्टक पूर्ण भरलं, शेवटच्या चौकटीपर्यंत, कारण घंटा झालीच नाही. ती द्यायचं काम मावशींचं होतं आणि मावशी वर्गात होत्या.